प्रकाशाची ‘इजा’ : लिथियम नायोबेट आणि वक्रीभवनांकाचा अस्थिरपणा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास बराच काळ एकच होता. १९४९ साली मूळ साताऱ्यातून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या खोऱ्यातील या मुलखात पदार्थविज्ञानातील एक राशी शेतकऱ्याच्या हिशेबापर्यंत येऊन पोचली आहे. ती राशी म्हणजे वक्रीभवनांक. तासगावच्या द्राक्षबागेत तोडणीपूर्वी मण्याचा रस एका लहानशा नळीच्या टोकाशी बसविलेल्या लोलकावर टाकतात, वरची झडप मिटतात आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहतात. छायेची सीमा ज्या अंकावर थांबते तो अंक म्हणजे रसाचा ब्रिक्स, म्हणजेच त्यातील साखरेचे शेकडा प्रमाण. या उपकरणाला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. तो मोजतो मात्र साखर नव्हे; तो मोजतो प्रकाश रसात शिरताना किती वाकतो ते. शुद्ध पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ असतो, तर शेकडा २० साखर असलेल्या द्रावाचा सुमारे १.३६४. या ०.०३१ एवढ्या फरकावर द्राक्षे तोडावयाची की आणखी चार दिवस वेलीवर ठेवावयाची, हा निर्णय होतो. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून सांगलीच्या वसंतदादा कारखान्यापर्यंत जे जे साखर कारखाने या खोऱ्यात उभे राहिले, त्यांच्या प्रयोगशाळांतही हेच उपकरण आणि त्याच्या जोडीला ध्रुवणमापक असतो. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे तेथे प्रकाशाच्या वागणुकीला रोख किंमत आहे.

या साऱ्या मोजमापांच्या मुळाशी एक गृहीत असते आणि ते इतके स्वाभाविक वाटते की कोणी ते बोलूनही दाखवीत नाही. रस पाहण्यासाठी जो प्रकाश वापरला, त्या प्रकाशाने रस बदलत नाही. पाहणे ही निरुपद्रवी क्रिया आहे. विलिंग्डन महाविद्यालयात अगर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात वक्रीभवनाचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला काचेच्या लोलकाचा अंक सकाळी एक व संध्याकाळी दुसरा येईल अशी शंकाही शिवत नाही. आलाच, तर तो आपल्या वाचनातील चूक शोधू लागतो. वक्रीभवनांक हा पदार्थाचा स्थायी गुण आहे, असेच शिकविले जाते, आणि साध्या प्रकाशात सामान्य पदार्थांपुरते ते खरेही आहे. हे गृहीत एका विशिष्ट स्फटिकात कसे मोडले, त्या मोडण्याला आरंभी काय नाव दिले गेले आणि ते नाव कसे अपुरे ठरले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रकाशाने पदार्थ बदलतो, ही गोष्ट काचकारांना मात्र आधीपासून ठाऊक होती. कराडनजीक औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या उदार धोरणामुळे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली होती. तिच्या मागोमाग ओगलेवाडी वसली. पहिली आज सांगली जिल्ह्यात आहे, दुसरी साताऱ्यात. तळेगावच्या पैसा फंड कारखान्याने महाराष्ट्रात स्वदेशी काचेची जी वाट पाडली होती, तिच्यावर ओगलेवाडीने फार मोठी मजल मारली. तिचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. कारखाना पुढे बंद पडला. पण कराडला आगगाडीने उतरणाऱ्याचे पाऊल अद्यापि ओगलेवाडीतच पडते.

काच बनविणाऱ्याची एक जुनी डोकेदुखी अशी की वाळूत लोहाचा अंश असतो आणि त्यामुळे काचेला हिरवट छटा येते. ती घालविण्यासाठी रसात थोडे मँगॅनीज डायऑक्साइड टाकण्याची चाल जगभर शतकानुशतके होती. काचेचा मळ धुणारा म्हणून त्याला काचकारांचा साबण असेच म्हणत. अशी धुतलेली काच कित्येक महिने उन्हात राहिली की जांभळी पडू लागते. मायकेल फॅरडेने १८२५ च्या सुमारास खिडक्यांच्या तावदानांवर हा फरक मुद्दाम तपासला आणि तो सूर्यप्रकाशाचाच परिणाम असल्याचे दाखविले. आज त्याचे कारण असे समजते की किरणांतील जंबुपार भाग मँगॅनीजच्या आयनातून एक इलेक्ट्रॉन सोडवितो, तो दुसरीकडे अडकतो आणि उरलेला आयन जांभळा रंग दाखवितो. अशी काच पुन्हा भट्टीत तापविली तर इलेक्ट्रॉन माघारी जातात व जांभळेपणा नाहीसा होतो. प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलविणे, त्याने भलत्या ठिकाणी अडकून राहणे आणि उष्णतेने त्याची सुटका होणे, ही तीन अंकी गोष्ट पुढे लिथियम नायोबेटमध्ये जशीच्या तशी भेटते. फरक इतकाच की तेथे बदल रंगाचा नसून वक्रीभवनांकाचा आहे आणि त्याला महिने नव्हे, मिनिटे पुरतात.

लिथियम नायोबेट हा पदार्थ खाणीत सापडत नाही. लिथियम, नायोबियम व ऑक्सिजन यांचे हे संयुग प्रयोगशाळेत तयार झाले. १९४९ साली बेल प्रयोगशाळेत मॅथियास व रेमेइका यांनी ते लोहविद्युत् असल्याचे दाखविले. त्याच्या आतील धन व ऋण भार बाह्य क्षेत्रावाचूनही एका अक्षाच्या दिशेने किंचित सरकलेले असतात, असा त्याचा अर्थ. त्या वेळी त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मोठा व निर्दोष स्फटिक हाती येत नव्हता, हे त्याचे मुख्य कारण. १९६० साली मैमनने पहिला लेसर चालविल्यावर मात्र अशा पदार्थांचा शोध एकाएकी निकडीचा झाला. १९६५ च्या आसपास अमेरिकेत बॉलमन याने व सोव्हिएट रशियात फेदुलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हा स्फटिक वितळलेल्या रसातून ओढून काढला. रस सुमारे १२५० अंश सेल्सियस तापमानाला ठेवून त्याच्या पृष्ठभागाला बीजस्फटिक टेकवावयाचा आणि तो फिरवीत फिरवीत अत्यंत मंद गतीने वर घ्यावयाचा, ही रीत पोलंडचा धातुशास्त्रज्ञ योहान चोख्राल्स्की याची. दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथिलात टाक बुडविल्याने ती त्याला सुचली, असे सांगतात. ती त्याला सापडली ते साल १९१६, म्हणजे ओगलेवाडीची भट्टी निघाली तेच. दोन्ही ठिकाणी वितळलेला रसच होता. एकीकडे तो अणूंच्या रचनेचा गोंधळ तसाच गोठवून काच होत होता, दुसरीकडे त्याच अणूंना शिस्तीने रांगेत बसवून स्फटिक.

या स्फटिकाचे गुण मोहविणारे होते. तो पाण्यात विरघळत नाही, हवेत खराब होत नाही, दृश्य प्रकाशाला जवळजवळ पूर्ण पारदर्शक असतो. त्याचे दोन वक्रीभवनांक तांबड्या लेसरसाठी सुमारे २.२९ व २.२० आहेत, साध्या काचेच्या १.५ च्या शेजारी ते ठेवले म्हणजे त्यांचा मोठेपणा ध्यानात येतो. शिवाय त्याच्यावर विजेचा दाब दिला की वक्रीभवनांक किंचित बदलतो. विद्युत्-क्षेत्राच्या प्रमाणात होणारा हा बदल फ्रीडरिख पोकल्स या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासला, म्हणून त्यास पोकल्स परिणाम म्हणतात. विजेच्या संदेशाचे प्रकाशाच्या संदेशात रूपांतर करावयाचे तर याहून सोयीचा गुण दुसरा नाही. १९६५ मध्ये जोर्डमेन व मिलर यांनी याच स्फटिकाच्या साहाय्याने रंग बदलता येणारा प्रकाशजनक बनविला, आणि बेल प्रयोगशाळेत लिथियम नायोबेटवर मोठ्या आशा बसल्या.

१९६६ साली त्या आशांना तडा गेला. अश्किन, बॉइड, झेड्झिक, स्मिथ, बॉलमन, लेव्हिन्स्टाइन व नसाउ या सात जणांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. केंद्रित लेसर शलाका स्फटिकातून काही काळ जाऊ दिली असता तिचा आकार बिघडू लागतो, ती एका अक्षाच्या दिशेने फाकते व पसरते. निळा-हिरवा प्रकाश असेल तर हे अधिक त्वरेने घडते. शलाका बंद केली तरी ती गेलेल्या वाटेवर वक्रीभवनांक बदललेलाच राहतो. स्फटिकाला कोठे चीर नाही, डाग नाही, तो वितळलेला नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काहीच झालेले दिसत नाही. तो सुमारे २०० अंशांपर्यंत तापविला तर खूण पुसली जाते आणि तो पूर्ववत होतो. हा परिणाम स्वतंत्रपणे मनोरंजक असला तरी या स्फटिकांवर आधारलेल्या साधनांना तो अत्यंत हानिकारक आहे, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. त्या काळी या घटनेला ‘ऑप्टिकल डॅमेज’, म्हणजे प्रकाशाने होणारी इजा, हे नाव पडले. नाव देणाऱ्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्याला शुद्ध शलाका हवी आहे त्याला ती बिघडविणारी प्रत्येक गोष्ट इजाच वाटणार. परंतु जी तापविल्याने निःशेष बरी होते तिला इजा म्हणणे शास्त्रदृष्ट्या सैलपणाचेच होते.

येथे प्रमाणाची थोडी कल्पना देणे अवश्य आहे. लिथियम नायोबेटमधील हा बदल बहुधा ०.००००१ ते ०.००१ या दरम्यान असतो. समजा तो ०.०००१ आहे. तासगावच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या भाषेत सांगावयाचे तर हा बदल सुमारे ०.०७ ब्रिक्स होय. नेहमीच्या हातातील उपकरणावर सर्वांत लहान खूण ०.२ ब्रिक्सची असते. म्हणजे द्राक्षाच्या रसात एवढा फरक पडला असता तर बागाईतदारास तो दिसलाही नसता. पण स्फटिकाच्या एक सेंटिमीटर लांबीतून जाणाऱ्या प्रकाशाला तेवढ्याच बदलामुळे एक मायक्रोमीटर जादा वाट चालल्यासारखे होते. तांबड्या लेसरची तरंगलांबी ०.६३३ मायक्रोमीटर. दोन तरंगांच्या व्यतिकरणात अर्ध्या तरंगलांबीने उजेडाचा अंधार होतो. येथे तर दीड तरंगलांबीहून अधिक फरक पडला.

कारणाचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. बेल प्रयोगशाळेतील एफ. एस. चेन याने १९६९ च्या निबंधात मूळ कल्पना मांडली. प्रकाश जेथे पडतो तेथील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात, एका दिशेने सरकतात आणि उजेडाच्या काठाशी अंधारात जाऊन अडकतात. एका कडेला ऋण भार साचतो, दुसऱ्या कडेला धन भार उरतो. या दोहोंमध्ये विद्युत्-क्षेत्र निर्माण होते आणि पोकल्स परिणामामुळे तेच क्षेत्र वक्रीभवनांक बदलते. ज्या गुणासाठी स्फटिक निवडला होता त्याच गुणाने तो घातकी ठरला! ०.०००१ एवढ्या बदलास दर सेंटिमीटरला सुमारे ६,००० व्होल्टचे क्षेत्र लागते, आणि ते कोणत्याही बॅटरीवाचून केवळ उजेडाने स्फटिकाच्या पोटात उभे राहते. इलेक्ट्रॉन एकाच दिशेने का सरकतात, याचे उत्तर मात्र चेनला नीट सापडले नव्हते. स्फटिकात मुळातच एक क्षेत्र असावे असे त्याने गृहीत धरले. १९७४ मध्ये ग्लास, फॉन डर लिंडे व नेग्रान यांनी ते गृहीत अनावश्यक ठरविले. अशा असममित स्फटिकात प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन जन्मतःच एका दिशेला झुकतो, असे त्यांनी दाखविले. आज हा गुण स्थूल प्रकाशविद्युत् परिणाम म्हणून ओळखला जातो. ग्लास हे संशोधकाचे आडनाव असून काचेशी त्याचा संबंध नाही, एवढे गैरसमज टाळण्यासाठी सांगावे लागते.

इलेक्ट्रॉन येतात कोठून, हा दुसरा प्रश्न. पीटरसन, ग्लास व नेग्रान यांनी १९७१ मध्ये बोट ठेवले ते लोहावर. कच्च्या मालातून अत्यल्प प्रमाणात लोह स्फटिकात शिरते. त्याचा एक आयन इलेक्ट्रॉन देतो व दुसरा घेतो. ओगलेवाडीच्या काचकाराला वाळूतल्या ज्या लोहाने हिरवटपणाचा त्रास दिला असेल, तेच लोह येथे शलाका फाडीत होते. फरक एवढाच की काचेत ते डोळ्यांना दिसत असे. स्फटिकात दशलक्षात काही भाग एवढेच असूनही त्याचे काम चालू राहते.

दरम्यान या ‘इजे’कडे पाहण्याची दृष्टी पालटली होती. जो पदार्थ उजेड-अंधाराचा नमुना आपल्या अंगात जसाच्या तसा उतरवून ठेवतो, तो लिहिण्याचा कागद नव्हे तर काय? १९६८ मध्ये चेन, लामाक्किया व फ्रेझर यांनी लिथियम नायोबेटमध्ये होलोग्राम नोंदवून दाखविला. डेनिस गाबोरने १९४८ मध्ये मांडलेल्या होलोग्राफीला लेसरमुळे नुकतेच खरे बळ आले होते. १९७१ मध्ये गाबोरला नोबेल पारितोषिक मिळाले. फोटोच्या काचपट्टीला धुणे-बुडविणे लागते, तसे येथे काहीच लागत नव्हते. अडचण अशी की जो प्रकाश होलोग्राम वाचतो, तोच तो हळूहळू पुसतो. आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत अमोदेई व स्टेब्लर यांनी १९७१ मध्ये लिहिलेला स्फटिक तापवून आतील आयनांकरवी तोच नमुना कायम करण्याची युक्ती काढली. १९७५ मध्ये स्टेब्लर आणि सहकाऱ्यांनी लोह मुद्दाम मिसळलेल्या एकाच स्फटिकात, शलाकेचा कोन थोडा थोडा बदलीत, ५०० होलोग्राम साठविले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात मोक याने तो आकडा ५,००० वर नेला. जे लोह हुसकून लावण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जिवाचे रान केले होते, तेच आता तोलून-मापून घातले जाऊ लागले. स्मृतिकोश म्हणून हा स्फटिक बाजारात मात्र रुजला नाही. चुंबकीय तबकड्या व अर्धसंवाहक स्मृती यांनी स्वस्ताईत त्याला मागे टाकले, आणि या बाबतीत विज्ञानाचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

इजेचा खरा जाच पुन्हा सुरू झाला तो तरंगवाहिन्यांत. १९६९ मध्ये मिलर याने एकात्म प्रकाशिकीची कल्पना मांडली होती. विजेचे घटक जसे एका चकतीवर बसवितात तसेच प्रकाशाचेही बसवावे, आणि तारांऐवजी स्फटिकाच्या पृष्ठभागालगत थोडा अधिक वक्रीभवनांक असलेले पाट असावेत. पाटाचे पाणी काठाने अडते, तसा अशा वाहिनीतला प्रकाश वक्रीभवनांकाच्या काठाने अडतो. १९७४ मध्ये श्मिट व कामिनोव्ह यांनी स्फटिकावर टायटॅनियमसारख्या धातूचा पातळ थर देऊन, तो सुमारे हजार अंशांच्या धगीत कित्येक तास मुरवून असे पाट तयार केले. जॅकेल, राइस व व्हेसेल्का यांनी १९८२ मध्ये दुसरी, थंड रीत दिली; गरम बेंझॉइक आम्लात स्फटिक बुडवावा, म्हणजे त्यातील काही लिथियम बाहेर पडून त्याच्या जागी प्रोटॉन येतात व तेवढ्या भागाचा वक्रीभवनांक वाढतो.

पाट जेवढा अरुंद तेवढा प्रवाह दाट, हा येथेही नियम. पाच मायक्रोमीटर रुंद व तितक्याच खोल वाहिनीत केवळ एक मिलिवॅट प्रकाश सोडला, तर त्याची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,००० वॅट होते. माणदेशाच्या उघड्या माळावर वैशाखात भर दुपारी जे ऊन पडते, ते तेवढ्याच जागेवर सुमारे ०.१ वॅट असते. म्हणजे एका क्षुल्लक मिलिवॅटने स्फटिकाच्या त्या धाग्याएवढ्या जागेत त्या उन्हाच्या चाळीस हजार पट प्रकाश कोंडला जातो. मोठ्या ठोकळ्यात जी गोष्ट प्रबळ लेसरनेच दिसे, ती वाहिनीत किरकोळ शलाकेने दिसू लागली. वाहिनी दोन फाट्यांत विभागून त्यांचे व्यतिकरण घडविणाऱ्या साधनात एका फाट्याचा वक्रीभवनांक दुसऱ्याहून जरा अधिक बदलला की चालू-बंदचा मेळच सुटतो. पाच मिनिटांपूर्वी जो व्होल्ट अंधार देत होता तो आता अर्धा उजेड देतो. टायटॅनियमच्या वाहिन्या दृश्य प्रकाशात या बाबतीत विशेष नाजूक निघाल्या. प्रोटॉनांच्या वाहिन्या तुलनेने कणखर.

यातून सुटण्याचे दोन मार्ग सापडले. एक, प्रकाशच बदलणे. १.३ व १.५५ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशात एवढी ऊर्जा नसते की लोहाच्या आयनातून इलेक्ट्रॉन सहजी सुटावा. आणि काचतंतूतून दूरवर संदेश नेण्यास नेमका हाच प्रकाश सोयीचा असतो. दूरसंदेशवहनात लिथियम नायोबेटची साधने टिकली ती या योगायोगाच्या बळावर. पुणे-बंगळूर मार्गाने साताऱ्याहून जाणाऱ्या अथवा मिरजेच्या जंक्शनाला स्पर्श करणाऱ्या काचतंतूंचे महत्त्व सर्वांना दिसते. परंतु दूरपल्ल्याच्या अनेक प्रेषकांत विजेचे अंक प्रकाशावर चढविण्याचे काम या स्फटिकाची एक बोटभर पट्टी करीत आलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

दुसरा मार्ग स्फटिकाचा स्वभाव बदलण्याचा. १९८० मध्ये चिनी संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेला लिथियम नायोबेट या इजेला दाद देत नाही असे कळविले. १९८४ मध्ये ब्रायन, गर्सन व टोमाश्के यांनी ते तपशिलाने सिद्ध केले. मिश्रण थोडे असेतोवर फारसा फरक पडत नाही. शेकडा पाचच्या सुमारास एक उंबरठा येतो आणि तो ओलांडताच स्फटिकाची सहनशक्ती शंभर पटीच्या घरात वाढते. यात लोह नाहीसे होत नाही. मॅग्नेशियममुळे लोह इलेक्ट्रॉनांना पूर्वीसारखे धरून ठेवू शकत नाही, स्फटिक उजेडात अधिक वाहक बनतो आणि साचू पाहणारा भार जागच्या जागी पाझरून जातो. काचकाराने लोहाचा रंग मारण्यासाठी मँगॅनीज घातले, स्फटिककाराने लोहाचा भार मारण्यासाठी मॅग्नेशियम. नावांतले साम्य निव्वळ कानाचे असले तरी तोडग्याची जात एकच आहे. शत्रू बाहेर काढता येत नसेल तर त्याच्यासमोर दुसरा बसवावा.

एकविसाव्या शतकात या स्फटिकाचा अर्ध्या मायक्रोमीटरच्या घरातला पापुद्रा काढून तो सिलिकाच्या थरावर चिकटविण्याची कला साध्य झाली. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील लोंचार यांच्या गटाने अशा पापुद्र्यातून अवघ्या एक-दोन व्होल्टवर चालणारा वेगवान प्रकाशनियंत्रक दाखविला. त्याच वर्षी वयाच्या ९६ व्या वर्षी आर्थर अश्किनला नोबेल पारितोषिक मिळाले. ते १९६६ च्या त्या छोट्या निबंधासाठी नव्हे, प्रकाशाच्या चिमट्यासाठी. पापुद्र्यातल्या वाहिन्या जुन्या वाहिन्यांहून कितीतरी अरुंद आहेत. त्यांतून बनविलेल्या सूक्ष्म कड्यांत प्रकाश हजारो फेऱ्या घालीत साठत जातो, आणि तेथे अवरक्त प्रकाशातही कड्याचा सूर घसरू लागतो. अवरक्ताच्या योगायोगाने मिळालेले संरक्षण येथे पुरत नाही. कडी भट्टीत पुन्हा मुरवून घेणे, तिच्यावरचे सिलिकाचे आच्छादन काढून टाकणे, मॅग्नेशियम घातलेला पापुद्रा वापरणे, असे उपाय निरनिराळ्या प्रयोगशाळांत करून पाहण्यात आले आहेत. त्यांपैकी पहिला, म्हणजे धग देणे, जांभळ्या काचेइतकाच जुना आहे.